थर्झाची पांढरी भिंत

सँडर्बीच्या बंदरात शिरणाऱ्या होडीला आधी दिसते ती थर्झा कोलच्या घराची समुद्राकडची भिंत. ती आणि तिच्यामागचा चर्चचा मनोरा एका रेषेत आले की सुकाणू सरळ धरायचं. रेष सुटली, की खाली खडक. म्हणून दर ईस्टरच्या आधी ती भिंत चुन्याने पांढरी करायची, आणि तीही घरच्या बाईनेच. थर्झाला हे काम सासूकडून मिळालं. दीपगृहावर, जुन्या धक्क्यावर, तोफेवर माहितीच्या पाट्या आहेत, या भिंतीवर नाही. "पाटी लावली तर तेवढी जागा काळी दिसेल," थर्झा म्हणायची.

हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुलींबरोबर ती स्कॉटलंडहून आली आणि इथल्याच कोळ्याशी लग्न करून राहिली. मी शेजारी राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "दोरीवर चादरी वाळत घालशील, तर माझ्या भिंतीपासून लांब. एखादा तुझ्या चादरीच्या रोखाने येईल खडकावर."

त्या वर्षी गावाच्या समितीने ठरवलं, की पाहुण्यांसाठी किनाऱ्यावरची घरं रंगीत करायची. अध्यक्ष पिकरिंग विचारायला आले.

"तीन बाजूंना काय फासायचं ते फासा. चौथीला हात लावायचा नाही," थर्झाने सांगितलं.

नेमकी ती खुब्याच्या ऑपरेशनला गेली, आणि रंगाऱ्यांनी चारही बाजू फिकट निळ्या केल्या. थेट आभाळासारख्या.

घरी आल्यावर ती कुबडी टेकून भिंतीसमोर उभी राहिली. तिचा भाचा एबेन, त्याची स्वतःची होडी आहे, समजूत घालायला लागला, "मावशी, आता होडीत वाट दाखवणारा स्क्रीन असतो. भिंतीकडे बघतंय कोण?"

थर्झाने चहाही घेतला नाही. इतकी वर्षं आपण उगीचच शिडी चढत होतो का, एवढंच तिने मला संध्याकाळी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भरती आली, रंगकामानंतर पहिल्यांदाच समुद्रावर गेलेल्या होड्या परतल्या, पण एकही आत शिरेना. बाहेरच घिरट्या घालत राहिल्या. शेवटी एकेक करून कशाबशा आल्या, आणि एबेन बुटांसकट पायऱ्या चढत ओरडतच आला, "मावशी, भिंत कुठे गेली तुझी?"

"स्क्रीन होता ना?"

"स्क्रीन म्हणतो ये, डोळे म्हणतात थांब! ऐकायचं कुणाचं?"

"मग शिडी आण."

"तुझा खुबा—"

"खुबा नवा आहे, काळजी माझ्या जुन्या गुडघ्याची कर. आणि शिडी घट्ट धर."

ती तीनच पायऱ्या चढली. वरचं एबेनला करायला लावलं असतं, पण प्रथा आड आली. मग तिने लांब काठीला ब्रश बांधला.

पिकरिंग धावत आले. "मिसेस कोल, सगळ्या रांगेची शोभा गेली!"

"तुमच्या तीन बाजू छान झाल्यात हो," थर्झा वरूनच म्हणाली. "त्या राहू द्या. जरा बाजूला व्हा, मनोऱ्याच्या रेषेत येताय."