पुढची सीट

इथे आखातात, आमच्या मनखूल भागातल्या वाइनच्या दुकानातला तो नाशिककर आधी विचारतो, "आज घरी काय शिजतंय?" मग फ्रान्समधल्या द्राक्षमळेवाल्यांबद्दल ते नात्यातले असल्यासारखं बोलत सुटतो. "आजोबा थकलेत, आता नात बघते. द्राक्षं अजून हातानंच खुडतात." आवाज चढतो, बोटं हवेतच घड खुडायला लागतात.

काल सुरमईसोबत प्यायला त्याने एक पांढरी वाइन काढून दिली. मी गाडीची डिकी उघडली, तोच तो उन्हात धावत आला. "डिकीत नको हबीबी, उकडून मरेल ती." बायको पुढे बसली होती. "वहिनी, तुम्ही मागे बसा ना."

त्याने बाटली पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, एसीचा झोत तिच्याकडे वळवला.

बायको तोवर मागे जाऊन बसली होती. ती सीट तिने माझ्या आईलाही कधी दिलेली नाही.