लेकुरवाळी

१९४८च्या नोव्हेंबरातली सकाळ, सहाला दहा कमी. चतुराबाई चर्चमधल्या पितळी शमादानांना चिंच चोळत होती.

चर्च कॉन्व्हेंटला लागूनच, मधे एक दार. घडण जुन्या बरोक थाटाची: पिळाचे खांब, सोन्याचा मुलामा, छताशी पंख फुटलेली गुबगुबीत पोरं. झाडणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच, धूळ फार बसते.

नांदेडकडचं गाव रझाकारांच्या धामधुमीत सुटलं. नवरा, नामदेव, तिथंच मारला गेला. सासू सावित्रीबाई आणि सात वर्षांची कुसुम यांना घेऊन ती शहरात, बरकतपुऱ्यातल्या एका खोलीत आली आणि जूनपासून इथं कामाला लागली. आता सिस्टरांनी कुसुमला शाळेत बिनफी घ्यायचं कबूल केलं होतं. नाव मात्र आजच सांगायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार.

सासू अडून बसली होती, आणि त्याला कारण चतुराबाईचीच जीभ. चर्चमधल्या उंच मूर्तीला सिस्टर 'मेरी' म्हणत. हिच्या तोंडी ती 'मरीआई' झाली. मरीआई म्हणजे पटकीची देवी, गावाबाहेरचा शेंदूर माखलेला दगड. तिच्या दारात लेक सोडायची म्हणजे तिला वाहायचीच.

"ल्योक गेला, आता नात वाहू?" सावित्रीबाई म्हणाली होती. "आधी मी सोता बघणार."

साडेसहाला ती आली. एका हातात कुसुम, दुसऱ्यात लिंबू आणि कडुलिंबाचा डहाळा. उंबऱ्याला हात लावून ती थेट मूर्तीपुढं गेली आणि मान वर करून बघत राहिली. चतुराबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"चतुरे, ही तुझी मरीआई?"

"हौ, आत्याबाई."

"डोळे हायेत का बटनं? मरीआईच्या कडेवर कधी लेकरू असतं का? पाच महिने पुसतीस, अन् दिसलं न्हाई?"

"लई उंच हाय. मी पायच पुसते."

"ही लेकुरवाळी हाय, बाई." सासूचा आवाज उतरला. "लेकराचं नाव काय?"

"येशू."

"गुणाचं दिसतंय."

तिनं डहाळा पदराआड घेतला आणि लिंबू नातीच्या हातावर ठेवलं. "घरी सरबत करू. आधी त्या सिस्टरबाईला नाव सांगून ये. पुरं सांग, बापाच्या नावासकट."

कुसुम मधल्या दारातून गेली.

उद्या शाळेची घंटा पावणेनऊला आहे. पोरीच्या पावलांनी बरकतपुऱ्याहून पाऊण तास लागतो. चतुराबाई त्याच्या कितीतरी आधी कामावर आलेली असते, तेव्हा सोडायला आजी येणार.