पाचव्या भागातली गुन्हेगार

एकतीस वर्षं हॉटेलच्या चादरी-टॉवेलांचं कोठार सांभाळलेल्या बाईला हॉटेलावरची कादंबरी वाचायला देणं म्हणजे सुताराला पाट भेट देणं. पण मावशींच्या सुनेचा नाइलाज होता. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी सहा आठवडे घरात डांबलेलं, आणि मावशी बसल्या जागेवरून तिनं घातलेल्या कपड्यांच्या प्रत्येक घडीला नावं ठेवत होत्या. चौथ्या दिवशी तिनं लायब्ररीतून एक पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हे वाचा. माझ्या घड्यांना जरा सुट्टी द्या."

ती एक मालिकाच होती. त्यातलं हॉटेल पुस्तकवेड्यांचं. खोल्यांना नंबर नाहीत. कुठे 'प्रवासवर्णन', कुठे 'आत्मचरित्र', जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीचं नाव 'भूतकथा'. दर भागात एक खून, तोही सभ्य, रक्ताचा थेंब न सांडता. आणि छडा लावणार हॉटेलच्या ग्रंथपालबाई, चहा पिता पिता.

"खोलीत तीनशे पुस्तकं! धूळ कोण पुसतं?" मावशींनी नाक मुरडलं. पण संध्याकाळी गोळी घ्यायची त्या विसरल्या, आणि दोन दिवसांनी सुनेला म्हणाल्या, "दुसरा भाग असेल तर बघ हं. आपला सहज."

चार भागांतले गुन्हेगार त्यांनी अर्ध्या पुस्तकातच ओळखले. सून तोंडभरून कौतुक करायची आणि मावशी फुलायच्या.

पाचव्या भागात हॉटेलच्या कोठारातली बाई आली. डाव्या कानाखाली तीळ, हनुवटीखाली उशीचा अभ्रा धरून घडी घालणारी, सगळ्यांना 'बाळा' म्हणणारी. मावशींचा हात आपोआप कानाकडे गेला.

"अगं, ही मीच!" त्या ओरडल्या. पुढच्याच पानावर टेलिफोन ऑपरेटर होती, एका कानाला हेडफोन आणि डोळे ड्रॉवरमधल्या कादंबरीत. आता शंकाच उरली नाही. हे चिमणीनं लिहिलं होतं. अठरा वर्षांपूर्वीची त्यांची ऑपरेटर. आवाज किणकिणता, म्हणून दरवानानं तिचं नाव चिमणी ठेवलेलं. नाव बदलून लिहीत होती पठ्ठी! मावशींनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, बहिणीला फोन केला.

दुपारी शेवटचं प्रकरण वाचून त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

"कोण निघालं?" स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं.

सून पदराला हात पुसत बाहेर आली.

"मी," मावशी म्हणाल्या. "चुगली करून ऑपरेटरची नोकरी मी घालवली. मग मॅनेजरला मीच मारलं."

"अहो, गोष्ट आहे ती!"

"खून गोष्टीतला आहे गं. चुगली खरी आहे."

आणि ती चुगली वाटावी अशीही नव्हती. मॅनेजरनं टॉवेल मोजताना सहज विचारलं होतं, गिऱ्हाइकांनी विसरलेली पुस्तकं जातात कुठे? मावशी कौतुकानं हसून म्हणाल्या होत्या, "आमची चिमणी वाचते ना! ड्रॉवर भरलाय तिचा." तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या वस्तू लपवल्या म्हणून चिमणीला काढलं. ती रडत गेली तेव्हा मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंड उघडलं नाही. ते त्यांनी मनाच्या इतक्या तळाशी ढकललं होतं, की पुस्तकात वाचेपर्यंत वरच आलं नव्हतं.

सुनेनं प्रकाशकाला फोन करून निरोप ठेवला. दुसऱ्याच दिवशी फोनवर तोच किणकिणता आवाज आला, "मावशी? खरंच तुम्ही?"

सहा आठवडे संपताच काठी टेकत मावशी तिच्या दारात उभ्या राहिल्या. चिमणीचे केस पांढरे झाले होते. तिनं धावत येऊन मिठी मारली.

"रागावलात ना? मला असा चेहरा हवा होता, ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही. सगळ्यांत मायाळू चेहरा तुमचाच आठवला. माफ करा हं."

म्हणजे हिला काहीच ठाऊक नव्हतं! गप्प बसायची सोय समोर उभी होती, पूर्वीसारखीच. मावशी खुर्चीवर बसल्या आणि टॉवेल मोजण्यापासून सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

चिमणी पांढरीफटक पडली. रागानं असेल असं मावशींना वाटलं. पण ती पुटपुटत होती, "दरवानकाका... दरवानकाका..."

"त्यांचं काय?"

"मला वाटलं, त्यांनीच सांगितलं. ड्रॉवरचं फक्त त्यांनाच माहीत आहे, असं मी धरून चालले होते. मी पुन्हा बोलले नाही त्यांच्याशी. दोनदा घरी आले, मी दार उघडलं नाही. मागच्या वर्षी गेले. मी शेवटचं बघायलाही गेले नाही, मावशी."

आता मावशींच्याच पायाखालची जमीन सरकली. पुस्तकात चुगलीचा एक बळी होता. इथे दोन निघाले, आणि दुसऱ्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

रविवारी दोघी टॅक्सीनं दरवानाच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं. चिमणीनं कसंबसं नाव सांगितलं.

"तू चिमणी?" म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "शेवटपर्यंत विचारायचे गं, पोरीचं मी काय बिघडवलं?"

चिमणीला हुंदका आवरेना. मग मावशींनीच उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, काही न गाळता. म्हातारी ऐकून घेत होती. रागावली नाही, रडलीही नाही. मग दारातून बाजूला झाली.

"मला सांगून काय उपयोग? आत या. त्यांचा फोटो आहे, त्यांना सांगा."

मावशींनी काठी दाराशी ठेवली, भिंतीला धरून आत गेल्या आणि फोटोसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. चिमणी त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं मावशींचा हात धरला नाही; पण मावशींचा गुडघा लटपटायला लागला, तेव्हा खुर्ची पुढे सरकवली.