फुटलेली सात मतं

मतदान आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, चारकोपला. त्या बूथच्या यादीत फक्त आमचीच नावं. निकालानंतर पक्षाचा कार्यकर्ता हसत आला. ‘गच्चीवर शेड आम्ही घालून दिली, तरी इथून सात मतं फुटली. कोणाची?’

गुप्त मतदान म्हणे. सेक्रेटरी दारोदार बेल वाजवत फिरले. त्या सातांत माझं एक होतं. ते माझ्या दाराशी आले तेव्हा मी नुसतं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या बाईंशी जिन्यात कोणी बोलेना. मला मात्र त्या रोज विचारतात, ‘काय गं, झालंय काय सगळ्यांना?’

पुढच्या वेळी शेडवाल्यांचंच बटण दाबायचं, हे माझं आत्ताच ठरलंय.