डाव्या खांबाजवळची माती

माघातल्या एका गुरुवारी काका गेले. सकाळी शेतावर गेले होते. दुपारी माणसांनी त्यांना घरी आणलं.

दहिवलीत त्यांना सगळेच काका म्हणत. आमची घरं शेजारी. मी शाळेत मराठी शिकवलं. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी मला श्रोता नेमलं होतं. गावाचा संघ जिंकला की पोरं नाचत. काका चहाच्या टपरीवर जाऊन खिशातून बावीस चिंचोके काढत आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंसारखे बाकावर मांडत. "जिंकलो ते समद्यांनी बघितलं. का जिंकलो ते कोन सांगंल?" मग तासभर तोच सामना पुन्हा. एकदा टपरीवाल्याच्या फडक्याने एक चिंचोका उडाला, तर "आरं, आमचा बचाव पाडलास की रं!" म्हणत ते बाकाखाली शिरले.

असा माणूस तुम्ही क्वचितच पाहिला असेल. हरल्यावर कारणं शोधणारे पुष्कळ असतात. जिंकल्यावर शोधणारा मी हा एकच पाहिला.

मैदान म्हणजे त्यांचंच शेत. भात कापलं की इतर जण ओलीवर वाल पेरत. काका ते रान खेळायला सोडत. एका बाजूच्या गोलजवळ, एका खांबाशी, कालव्याचं पाणी जमिनीतून झिरपे. वरून माती कोरडी दिसे, पण जोराने उडी घेतली की पाय घोट्यापर्यंत आत जाई. दोन वर्षांपूर्वी तिथे आमच्याच एकाचा गुडघा गेला. तो अजून लंगडतो.

पौषात साजगावशी शेवटचा सामना झाला. त्यांचा संघ कारखान्यांत काम करणाऱ्यांचा. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. बाजू बदलल्या आणि साजगावचा गोलकीपर त्या गोलकडे निघाला. ओला खांब आता त्याच्या डाव्या हाताला येणार होता. आमचा कप्तान पोरांना हळूच म्हणाला, "त्याच्या डावीकडंच मारा. फसतोय बघा."

काकांनी माझं मनगट धरलं. "चला, मास्तर." आम्ही गोलमागे गेलो.

"ए दादा," ते गोलकीपरला म्हणाले, "डाव्या खांबाशी माती मऊ हाय. वरून कळायचं नाय. तिथं उडी घेऊ नको, गुडघा जाईल."

"तुमी दहिवलीचेच ना?"

"दहिवलीचाच."

त्याने काकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग खांबाकडे. दोन पावलं उजवीकडे सरकून तो उभा राहिला.

पुढचा सगळा वेळ काका ओरडले नाहीत. आपली पोरं चेंडू घेऊन धावत असतानाही ते फक्त त्या खांबाकडे पाहत होते. माझं मनगट त्यांच्या मुठीतच होतं. सामना संपत आला आणि चेंडू त्याच खांबालगत आला. गोलकीपरने उडी घेतली नाही. नुसता हात लांबवला, तो पोचला नाही. आम्ही जिंकलो.

साजगावची मंडळी टेंपोत चढत होती. गोलकीपर काकांपुढे थांबला. "बेस गंडवलंत, काका. मी तुमच्या वयाकडं बघून इश्वास ठेवला."

एवढं बोलून तो चढला आणि टेंपो हलला.

टपरीवर गुलाल उडत होता. काकांनी चिंचोके मांडले. "तो हितं असता तर बॉल त्याच्या हातातच होता," ते माझ्या कानाशी म्हणाले आणि गोलकीपरचा चिंचोका दोन बोटं सरकवला. "हितून त्याला मी हलवला. मास्तर, मी खरं बोललो आन् त्यानंच गोल झाला."

"काका, सांगा की, का जिंकलो?" कुणीतरी ओरडलं. काकांनी चिंचोके खिशात भरले. पुन्हा कधी मांडले नाहीत.

माती मऊ होती याला साक्षीदार आणायचे, तर समोरच्याला आपणच सावध केलं हे गावाला सांगावं लागलं असतं. आणि साजगावला आमच्या गावाची साक्ष कशी पटणार? म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. कारखान्याच्या फाटकाशी गोलकीपर भेटला. पाळी नुकतीच सुटली होती.

"माती बघायला ये," काका म्हणाले. "येक उडी मार. माझा हात धरून मार."

"आता बघून गोल परत येनार हाय का, काका?"

"गोल ठेव रं बाजूला. मी खोटा नाय, येवढं बघून जा."

"बघू," तो म्हणाला.

त्याच सुमारास दुरुस्तीसाठी कालवा बंद झाला. काका रोज सकाळी काठी घेऊन त्या कोपऱ्यात जात आणि काठी दाबून पाहत. घरी येताना माझ्या दारात थांबत. "मास्तर, चार बोटंच जाते आता." दोन दिवसांनी, "माती वाळत चालली. त्याला लवकर आना." मी म्हणालो, "रविवारी जाऊ, काका." मला घाई समजली नव्हती. तो रविवार यायच्या आधी ते गेले.

गोलकीपर तेराव्याला आला. कुणी बोलावलं नव्हतं. मी त्याला शेतावर नेलं. त्याने चपला काढल्या, त्या खांबाशी उभा राहिला आणि उडी मारली. मग आणखी एकदा, जोरात. पाय टणक जमिनीवर आपटले.

"तेव्हा मऊ होती," मी म्हणालो.

"असंल, मास्तर." त्याने चपला घातल्या आणि काकांच्या घराकडे पाहून हात जोडले.

काकांनी त्याला खरं सांगितलं होतं. हे ज्याला ठाऊक आहे असा आता मी एकटा आहे.