कळशी टेकेल तिथवर बाग

किस्से कोणी जमवीत नसतो. ते आपोआप साचतात. तुळजापुरात, सोलापूर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीत, आम्ही तीन निवृत्त गृहस्थ संध्याकाळी एका ओट्यावर बसतो: एस.टी.चे माजी वाहक भाऊसाहेब, शिवणकाम सोडलेले युनूसभाई आणि वाचनाखेरीज अन्य व्यसन नसलेला मी. गेल्या गुढीपाडव्यापासून त्या ओट्यावर विषय एकच: भाऊसाहेबांच्या नव्या घराचे अंगण!

त्याला कारणही तसेच गंभीर होते. पाडव्याला पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा महेश म्हणाला, "आईची कंबर अशी. एवढं घर, एवढं अंगण तुमच्यानं होणार नाही. कोजागिरीपर्यंत बघतो. नाही जमलं, तर दोघांनी पुण्याला यायचं."

 त्याच्या आईने, सुलोचनावहिनींनी, विचारले, "तुझ्या त्या सहाव्या मजल्यावर मी सकाळी पाय कुठं ठेवू रे?"

"फरशीवर!"

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या.

*

महेशला चकित करावे म्हणून भाऊसाहेबांनी सोलापूरहून बाग आखून देणारा एक तरुण बोलावला. त्याने रंगीत चित्रच काढून आणले. हिरवेगार लॉन, मध्यभागी कारंजे, कडेने पाम आणि बाकावर टोपी घालून बसलेली एक बाई!

वहिनींनी चष्मा लावून चित्र न्याहाळले.

"ही कोण?"

"ती नुसती दाखवायला आहे, काकू."

"मग पाणी कोण घालणार?"

कारंजे आणि पाम तेथेच रद्द झाले. लॉन मात्र भाऊसाहेबांनी हट्टाने घातले.

*

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते, तेही नळाच्या मर्जीने. वैशाखात भाऊसाहेब टाकीतले पाणी पाइपाने लॉनवर सोडीत उभे असत. चेहऱ्यावर असे समाधान, की जणू कालवाच आणला आहे!

एके सकाळी न्हाणीघरातून वहिनींचा आवाज आला, "अहो! गवताची आंघोळ उरकली असंल, तर माझ्यासाठी एक बादली ठेवा!"

आम्ही दोघे रस्त्यावर उभे होतो. युनूसभाई हळूच म्हणाले, "अण्णा, चला. घरातला मामला हाय."

*

मृगात भाऊसाहेबांनी रोपे आणली. आंबा, चिकू, पेरू, सीताफळ, लिंबू आणि शेवगा. सारी कुंपणालगत हातहातभर अंतरावर लावली. मी नम्रपणे सुचविले, "भाऊसाहेब, वृक्षांमध्ये पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते. पुस्तकांत तसे स्पष्ट दिलेले आहे."

"अण्णा, तिघांच्या सीटवर पाच बसवून उभा जन्म गाडी नेली म्या. थोडं थोडं सरकून घेतील!"

युनूसभाईंनी पान तोंडात टाकले. "मियाँ, पॅसेंजर उतरते. आंबा कोन्त्या स्टॉपला उतरनार?"

*

शेजारच्या पार्वतीबाईंच्या शेळीला हे लॉन फार पसंत पडले. एकदा ती फाटकातून आत शिरली आणि ऐन मध्यभागी उभी राहिली. भाऊसाहेब धावले. घाईत जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली: "चला, मागं सरका, मागं सरका! दारात थांबू नका!"

शेळी खरोखरच मागे सरकली. थेट वहिनींच्या मोगऱ्यावर जाऊन बसली!

"अहो," वहिनी दारातून म्हणाल्या, "तिला तिकीट तरी फाडा!"

*

श्रावणात पावसाने ओढ दिली. रोपे वाचविण्यासाठी वहिनी बादल्या वाहू लागल्या आणि एका सकाळी त्यांच्या कंबरेत अशी उसण भरली, की त्या तिथेच चिखलात बसल्या. महेशला फोनवर कळले. तो रागावला नाही; त्यामुळे अधिकच धसका बसला. "बघा बाबा, मी म्हणालो होतो," एवढेच तो बोलला.

त्या संध्याकाळी भाऊसाहेब ओट्यावर आले, पण बसले नाहीत. "घर भाड्यानं द्यायचं म्हणतोय. कुणी असंल तर सांगा." युनूसभाईंचे पान हातातच राहिले.

कंबर सुटल्यावर वहिनींनी काय करावे? एक लहान कळशी भरली, काखेत घेतली आणि मागच्या दारातून चालू लागल्या. जिथे कंबर बोलली, तिथे कळशी टेकली आणि बाजूला एक धोंडा ठेवला. परत गेल्या. दुसऱ्या दिशेने निघाल्या. तिथेही धोंडा.

"हे काय चाललंय?" भाऊसाहेब.

"धोंड्याच्या आत बाग. धोंड्याच्या बाहेर अंगण. पल्याड एक झाड न्हाय लावायचं, सांगून ठेवते."

धोंड्यांच्या आत तुळस, जास्वंद, कण्हेर, कढीपत्ता आणि तो बिचारा मोगरा एवढेच राहिले. मोरीच्या पाण्यावर शेवगा आणि लिंबू. उरलेली रोपे वसाहतीत वाटली, लॉन पार्वतीबाईंच्या शेळीला बहाल केले, आणि मोकळ्या जागेवर मुरूम पसरून चोपून घेतला. वहिनींचे पाणी घालणे आता चहा उकळेपर्यंत आटोपू लागले. फोनवर ते अंगण पाहून महेश म्हणाला, "हे तर निम्मं रिकामंच आहे! बाग कुठंय? म्हणजे जमलं नाहीच. कोजागिरीला न्यायला येतो."

*

कोजागिरीच्या सकाळी महेश गाडी घेऊन आला. वहिनींनी दोन बॅगा भरल्या होत्या. भाऊसाहेबांनी त्या डिकीत ठेवल्या. महेशने घराला कुलूप लावण्यासाठी किल्ली मागितली, तेवढ्यात रस्त्यावरून "आई राजा उदो उदो!" असा गजर आला. सोलापूरहून रात्रभर अनवाणी चालत आलेले देवीचे भक्त! फाटक उघडे, आत सपाट, झाडलेली जागा; कोणाला विचारण्याचे कारणच नव्हते. बघता बघता बायामाणसांनी अंगण भरून गेले. कोणी पाय चोळू लागले, कोणी तिथेच आडवे झाले. वहिनींनी पदर खोचला आणि चुलीवर मोठे पातेले चढविले. युनूसभाई कपबश्या मांडू लागले. मीही ट्रे धरला.

महेश गाडीच्या किल्ल्या बोटात धरून त्या गर्दीत उभा होता. सुजलेल्या पायांच्या एका म्हातारीने त्याच्यापुढे रिकामा तांब्या धरला.

"पोरा, पानी दे की. तू ह्या घरचाच ना?"

महेशने आईकडे पाहिले. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि तांब्या घेतला.

"व्हय, आजी. इथलाच."

भाऊसाहेब गाडीकडे गेले, डिकी उघडली आणि एक बॅग बाहेर ओढू लागले.

"अहो, ते राहू द्या!" चुलीजवळून वहिनी ओरडल्या. "आधी दूध आणा, चहा संपत आलाय!"