मुका टेलर आणि गंगाधर पवार

"‘मुका’ तेवढं लिवू नका, सायेब," ती म्हणाली. "बाकी काय बी लिवा."

मी सोलापूरच्या एका दैनिकात निधनवार्ता बघायचो. निधनवार्ता म्हणजे कोण वारलं, मागे कोण आहे आणि अंत्यविधी कुठे. चार ओळी. ही सुनंदा, कुर्डुवाडीची. वडील सकाळीच इथल्या दवाखान्यात वारले होते. भाऊ लांबून यायचा होता, म्हणून अंत्यविधी दुसऱ्या दिवशी. निम्म्या रेल्वेवाल्यांचे युनिफॉर्म वडिलांनी शिवलेले. ती माणसं यावीत, म्हणून ती पेपरात आली होती.

अडचण अशी की सगळं गाव त्यांना मुका टेलर म्हणायचं. दुकानाला पाटी नव्हती. गंगाधर पवार हे नाव घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक.

"कंसात टाकतो. ‘मुका टेलर या नावाने परिचित’. नाहीतर कळायचं नाही कुणाला."

"आप्पांना ऐकू येत न्हवतं, पर समोरच्याचे ओठ कळायचे. दिवसातनं किती डाव ‘मुका’ कळत असंल, सांगा की."

पलीकडून न्यूज एडिटर म्हणाले, "‘मुका’ आपण छापतच नाही." खरं होतं. माझ्या नोकरीत आधी ‘मूकबधिर’ आलं. मग ‘कर्णबधिर’, कारण बहुतेकांचा गळा ठीक असतो, ऐकू येत नाही म्हणून बोलणं राहून जातं. मग ‘दिव्यांग’. दर वेळी एक सर्क्युलर.

"‘दिव्यांग टेलर’ करा. आदरार्थी आहे."

"म्हंजे काय ओ?" सुनंदाने विचारलं.

"दिव्य अंग असलेला."

"दिव्य काय बी न्हवतं. शेवटी शेवटी सुईत दोरा मी ओवून द्यायची. नुसतं टेलर लिवा."

"माणसं कमी येतील, ताई."

"येऊ देत कमी."

तसंच छापलं. कात्रण व्हॉट्सॲपवर फिरलं, खाली हात जोडले गेले. स्मशानात मात्र घरचे आणि शेजारीच. खांदा बदलायला माणूस मिळेना. हे तिने दशक्रियेची बातमी द्यायला फोन केला तेव्हा सांगितलं.

"या वेळी कंस टाकू?"

"नको. दुकान बंद बघून लोकं इचारत्यात, मुका कुटं गेला. मी नाव सांगती. त्यास्नी वाटतं, मी दुसऱ्याच कुणाचं सांगती."

बातमी लागली त्या दिवशी कुर्डुवाडीहून एका रिटायर्ड गार्डचा फोन. आवाज चढलेला.

"आमचा मुका टेलर गेला की ओ. तुमच्या पेपरात एक ओळ न्हाय?"

"दोनदा छापलं. गंगाधर पवार."

"त्ये वाचलं की मी." मग आवाज उतरला. "रिटायर होईस्तवर कापडं शिवली त्यानं माझी." त्याने दशक्रियेची वेळ विचारली.

माझ्या काळात शब्द बदलत गेले. बदलायलाच हवे होते. माणसाचं नाव विचारून घ्या, असं सर्क्युलर मात्र एकदाही आलं नाही.